गोठ्यातल्या गिझरचं पाणी तापत नाही? थर्मोस्टॅट बदलण्याआधी एवढं तपासा

थंडी पडली की गोठ्यागोठ्यातून एकच तक्रार ऐकू येते. मिल्किंग मशीन धुवायला पाणीच तापत नाही. मग तालुक्याहून मिस्त्री बोलवायचा. तो झाकण खोलतो, ‘थर्मोस्टॅट गेलाय’ म्हणतो, नवा टाकतो आणि पैसे घेऊन जातो. आठ दिवसांनी पाणी पुन्हा कोमटच. काही ठिकाणी तर तो थर्मोस्टॅट काढून वायर सरळ जोडून देतो आणि ‘आता बघा कसं तापतंय’ म्हणून निघून जातो. पाणी तापतं हे खरं, पण गोठ्यात एक बॉम्ब बसवून ठेवल्यासारखं होतं.

संगमनेर, अकोले, राहाता या आपल्या पट्ट्यात आता पाच-सहा गाया असणाऱ्याकडंही दूध काढायचं मशीन आलंय. मशीनसोबत धुण्यासाठी गिझर आला. पण गिझरमधला थर्मोस्टॅट काय काम करतो, तो खरंच खराब झालाय का आणि तपासायचं कसं, हे मशीन विकणारा सांगत नाही. म्हणून ही माहिती सविस्तर देत आहे. यातलं निम्मं काम शेतकरी स्वतः करू शकतो. उरलेलं वायरमनकडून करून घ्यायचं, पण आपल्याला कळत असलं तर तो आपल्याला फिरवू शकत नाही.

गरम पाण्यावर एवढं काय अडलंय?

दूध काढून झालं की पाईप, रबरी लायनर, क्लॉ आणि कॅनमध्ये दुधाचा पातळ थर राहतो. त्यात फॅट असतं, प्रथिनं असतात, क्षार असतात. हा थर राहिला की त्यावर जंतू वाढतात आणि पुढच्या धारेच्या दुधात मिसळतात. मग संकलन केंद्रावर दूध आंबट निघतं, वास येतो. काही डेअऱ्या निळ्या रंगाची चाचणी म्हणजे एमबीआरटी घेतात. दुधात जंतू जेवढे जास्त तेवढा तो निळा रंग लवकर उडतो. तिथं आपलं दूध मागं पडतं. गाय चांगली, चारा चांगला, फॅटही चांगलं, आणि दूध मात्र परत. याचं कारण पुष्कळदा धुण्यात असतं.

धुण्याची पद्धत थोडक्यात अशी:

१) दूध काढल्याबरोबर ३५ ते ४० अंशाच्या कोमट पाण्यानं मशीन खळखळून काढायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत. एकदम कडक पाणी घातलं तर दुधातली प्रथिनं शिजून आतून चिकटतात. गार पाणी घातलं तर फॅट थिजतं.

२) मग अल्कली पावडर टाकलेलं गरम पाणी साधारण १० मिनिटं फिरवायचं. सुरुवातीला पाणी ७० ते ८० अंश असावं आणि शेवटी बाहेर पडतानाही ४० ते ४५ अंशाच्या खाली जाऊ नये. कारण त्याखाली पाणी गेलं की सुटलेलं फॅट पुन्हा पाईपला बसतं. आपल्या पावडरच्या पाकिटावर अंश वेगळा दिला असेल तर तो पाळायचा.

३) शेवटी स्वच्छ पाण्यानं धुवायचं. आठवड्यातून एकदा, आणि पाणी जड असेल तर जास्त वेळा, आम्लाचं धुणं द्यायचं म्हणजे दूधखडा म्हणजे पांढरट कडक थर धरत नाही. आम्ल आणि क्लोरीन असलेली पावडर कधीच एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता बघा, या सगळ्यात दुसरी पायरी पूर्ण गिझरवर अवलंबून आहे. गिझरनं ७० ऐवजी ५० अंश पाणी दिलं तर हाताला ते चांगलं कडकच लागतं. पण गार स्टील आणि रबरातून फिरून ते दोन मिनिटांत चाळिशीच्या खाली येतं. आपल्याला वाटतं मशीन धुतलं, पण ते धुतलेलं नसतं.

थर्मोस्टॅट आणि कट-आऊट, दोघं वेगळे

गिझरमध्ये पाणी तापवते ती कॉइल, म्हणजे एलिमेंट. थर्मोस्टॅट हा तिचा चालू-बंद करणारा राखणदार. पाणी ठरलेल्या अंशावर गेलं की तो वीज तोडतो. पाणी ५ ते १० अंशांनी उतरलं की पुन्हा जोडतो. गिझरजवळ उभं राहिलं की मधूनच ‘टक’ असा आवाज येतो, तो त्याचाच.

साध्या गिझरमध्ये हा लांब काडीसारखा असतो. काडी एलिमेंटच्या शेजारच्या नळीत घुसवलेली असते. बाहेरची पितळी नळी उष्णतेनं जास्त वाढते, आतली सळई फारशी वाढत नाही. या फरकानं कॉन्टॅक्ट उघडतो. दुसऱ्या प्रकारात तांब्याची बारीक नळी आणि टोकाला फुगा असतो. फुग्यातला द्रव तापून वाढतो आणि कॉन्टॅक्टला ढकलतो. तत्त्व एकच: तापलं की पसरतं, पसरलं की तुटतं.

कट-आऊट हा त्याच्या पाठीमागचा दुसरा राखणदार. थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी तापतच गेलं तर साधारण ९० अंशाच्या आसपास कट-आऊट वीज पूर्ण तोडतो. तो बहुतेक गिझरमध्ये आपोआप जोडला जात नाही, छोटं बटण दाबावं लागतं. तिसरा राखणदार म्हणजे बाहेरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. आत दाब वाढला तर तो पाणी-वाफ बाहेर सोडतो.

हे तिघं डोक्यात ठेवा. पुढचं सगळं यांच्यावरच आहे.

पहिलं हत्यार: थर्मामीटर

हात घालून अंश कळत नाही. थंडीत ४५ अंशाचं पाणीही चटका देतं. दुधाच्या साहित्याच्या दुकानात डायलचा किंवा डिजिटल थर्मामीटर मिळतो. काचेचा घेऊ नका, तो कॅनमध्ये फुटला तर सगळं दूध गेलं.

गिझर चालू करून लाल दिवा विझेपर्यंत थांबा. दिवा विझणं म्हणजे थर्मोस्टॅटनं वीज तोडली. मग गरम नळाचं थोडं पाणी सोडून द्या आणि नंतरचं पाणी बादलीत घेऊन मोजा. चालू केल्यापासून दिवा विझेपर्यंत किती मिनिटं लागली तेही लिहून ठेवा. हे दोन आकडे, अंश आणि मिनिटं, निम्मं निदान करतात.

एक गोष्ट इथंच सांगतो. बऱ्याच घरगुती गिझरचा थर्मोस्टॅट ६० ते ७५ अंशाच्या दरम्यान तोडतो. तुमचा गिझर ६२ अंशावर तोडत असेल तर तो बिघडलेला नाही, तो आंघोळीसाठी बनवलेला आहे. अशा वेळी खुंटी किंवा डायल असेल तर ती वाढवा. नसेल तर जास्त अंशाचा गिझर लागेल, किंवा ६० अंशाला काम करणारी पावडर डेअरीच्या माणसाला विचारून घ्या. थर्मोस्टॅट तोच परत बदलून काही होणार नाही.

खरा चोर पुष्कळदा व्होल्टेज असतं

हा मुद्दा मिस्त्री सहसा काढत नाही. गिझरवर २००० वॅट लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टला. व्होल्टेज कमी झालं की वॅट त्याच्या वर्गाच्या हिशोबानं घटतात. म्हणजे व्होल्टेज थोडं कमी, उष्णता खूप कमी.

२५ लिटरचा गिझर, पाणी २० अंशावरून ७० अंशावर न्यायचं, असा हिशोब मांडला तर:

• २३० व्होल्ट: पूर्ण २००० वॅट, सुमारे ४४ मिनिटं
• १८० व्होल्ट: साधारण १२२५ वॅट, सुमारे ७१ मिनिटं
• १६० व्होल्ट: साधारण ९७० वॅट, सुमारे ९० मिनिटं

यात टाकीतून बाहेर जाणारी उष्णता धरलेली नाही, म्हणजे प्रत्यक्षात थोडं जास्तच लागतं. संध्याकाळी सगळ्या वस्तीवर दिवे, टीव्ही, कुट्टी मशीन चालू असतात, त्याच वेळी धारा निघतात. आपण नेहमीसारखा पाऊण तास आधी गिझर लावतो, पाणी ५० अंशावरच असतं, आणि आपण म्हणतो थर्मोस्टॅट गेला. आमच्या वस्तीवरच्या एका गोठ्यात एकाच हिवाळ्यात दोन थर्मोस्टॅट बदलले गेले. शेवटी वायरमननं मीटर लावला तर गिझर चालू असताना १७५ व्होल्ट. दोन्ही जुने थर्मोस्टॅट चांगले होते.

व्होल्टेज मोजायची खरी पद्धत ही: गिझर बंद असताना एकदा आणि गिझर चालू असताना एकदा. हे काम वायरमनकडून करून घ्या, किंवा प्लगमध्ये लावायचा आकडा दाखवणारा छोटा व्होल्ट मीटर त्याच सर्किटवरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा.

बंद असताना २२० आणि चालू केल्यावर १८० दाखवलं तर दोष आपल्या वायरिंगमध्ये आहे. घरापासून गोठ्यापर्यंत लांब ओढलेली बारीक वायर, पिळून टेप मारलेला जोड, सैल झालेलं सॉकेट. २ किलोवॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला ६ अँपिअरचं सॉकेट चालत नाही, १६ अँपिअरचंच पाहिजे, आणि तांब्याची वायर किमान २.५ स्क्वेअर एमएम. अंतर जास्त असेल तर त्याहून जाड. जिथं व्होल्टेज गळतं तिथं उष्णता तयार होते. ती जागा कडब्याच्या गंजीजवळ असेल तर पुढचं सांगायला नको.

बंद असतानाही १८० च असेल तर दोष लाईनचा किंवा रोहित्राचा. त्यासाठी महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तोपर्यंत उपाय साधा आहे: गिझर अर्धा-पाऊण तास लवकर लावा.

लक्षण बघा, रोग ओळखा

दिवा लागतच नाही, पाणी गार: आधी एमसीबी पडलाय का, सॉकेटमध्ये वीज आहे का, प्लगची पिन काळी पडली आहे का ते बघा. हे सगळं ठीक असेल तर कट-आऊट उडालेला असण्याची शक्यता मोठी.

दिवा लागतो, कितीही वेळ ठेवलं तरी पाणी गारच: बहुतेक गिझरमध्ये लाल दिवा थर्मोस्टॅटच्या पुढं जोडलेला असतो. तो लागतोय म्हणजे वीज थर्मोस्टॅटमधून पुढं येतेय. मग संशय कॉइलवर. काही गिझरला दोन दिवे असतात, एक वीज आल्याचा, एक तापत असल्याचा. तापण्याचा दिवा बघायचा.

दिवा पाच-दहा मिनिटांतच विझतो, पाणी कोमट: थर्मोस्टॅट लवकर तोडतोय. खुंटी खाली फिरली असेल, किंवा थर्मोस्टॅट खरंच कमजोर झाला असेल. इथं तो दोषी असू शकतो.

दिवा तासभर लागलेला, पाणी हळूहळू तापतंय: व्होल्टेज कमी किंवा कॉइलवर खार. थर्मोस्टॅट बहुतेक निर्दोष.

पहिली अर्धी बादली गरम, मग एकदम गार: हा थर्मोस्टॅटचा रोग नाहीच. भिंतीवरच्या गिझरमध्ये गार पाणी खालून येतं आणि गरम पाणी आतल्या लांब पाईपमधून वरून घेतलं जातं. तो पाईप कुजून तुटला, किंवा प्लंबरनं गार-गरमचे पाईप उलटे जोडले, की असं होतं. गिझर लहान आणि पाणी जास्त लागत असेल तरीही असंच होतं.

नळातून वाफ, टाकीत खदखद, सेफ्टी व्हॉल्व्हमधून गरम फवारा: थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटलेत, तो तोडतच नाही. लगेच मेन बंद करा. नळ सोडायला जाऊ नका, पोरांना लांब ठेवा. पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही आणि दुरुस्तीशिवाय चालू करायचा नाही.

चालू केल्याबरोबर एमसीबी किंवा ईएलसीबी पडतो: कॉइल फुटून पाण्यात वीज उतरतेय. पुन्हा पुन्हा वर करून बघू नका.

मीटर लावून खात्री करा

दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टीमीटर प्रत्येक गोठ्यात असायला हरकत नाही. मोटरीलाही उपयोगी पडतो. खालची तपासणी वीज पूर्ण बंद करूनच करायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून हातात घ्यायचा. गिझर थेट जोडलेला असेल तर हे काम वायरमनलाच करू द्या. पाणी गार झालेलं असावं, हात-पाय कोरडे, पायात चप्पल. झाकण काढल्यावर वायरींचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा, म्हणजे परत जोडताना घोळ होत नाही.

कट-आऊट: त्याचं छोटं बटण दाबून बघा. ‘टक’ झालं तर तो उडालेला होता. पण का उडाला हे शोधायचं. एकदा दाबल्यावर चालला आणि पुन्हा उडाला तर तिसऱ्यांदा दाबू नका. थर्मोस्टॅट अडकलाय, खार जास्त झालाय किंवा टाकीत पाणी नसताना गिझर चालू झालाय, यातलं काहीतरी आहे.

थर्मोस्टॅट: त्याच्या दोन्ही टोकांच्या वायरी सोडवा, मीटर कंटिन्युइटीवर ठेवा. पाणी गार असताना मीटर वाजला पाहिजे, म्हणजे जवळपास शून्य ओहम. वाजत नसेल आणि कट-आऊटचं बटणही दाबून झालं असेल, तर थर्मोस्टॅट गेला हे नक्की.

वाजतोय पण शंका आहे? काडीचा थर्मोस्टॅट बाहेर ओढून निघतो. एका भांड्यात चुलीवर पाणी तापवा, थर्मामीटर टाका, फक्त काडी पाण्यात बुडवा, वरचं डोकं कोरडं ठेवा. मीटर लावलेलाच असू द्या. ठरलेल्या अंशाजवळ ‘टक’ होऊन आवाज थांबला पाहिजे. बाहेर काढून गार झाल्यावर पुन्हा वाजला पाहिजे. ५० लाच तोडला तर कमजोर. पाणी उकळायला लागलं तरी तोडला नाही तर चिकटलेला. दोन्हीत बदलायचा. ही परीक्षा मिस्त्रीसमोर घ्या, सगळं तिथंच कळतं.

कॉइल: दोन्ही टोकांत ओहम मोजा. २ किलोवॅटची कॉइल साधारण २६ ओहम दाखवते, ३ किलोवॅटची साधारण १८ ओहम. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. मग एक टोक कॉइलला आणि दुसरं टाकीच्या लोखंडाला लावा. इथं मीटरनं काहीच दाखवता कामा नये. आकडा दिसला तर कॉइल फुटली आहे आणि वीज पाण्यात उतरते आहे. ती लगेच बदलायची.

टर्मिनल: वायरीचं टोक काळं, प्लास्टिक वितळलेलं, स्क्रू सैल. हे मीटरशिवायही दिसतं. सैल स्क्रूमुळं ठिणग्या पडतात, जागा तापते आणि चांगला थर्मोस्टॅट जळतो. नवा टाकण्याआधी वायरीचं जळलेलं टोक कापून नवीन लग लावून घ्या.

बोअरचं पाणी आणि खार

आपल्याकडं बोअरचं पाणी जड. तापवलं की त्यातले क्षार कॉइलवर पांढऱ्या पापुद्र्यासारखे बसतात. हा खार उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. कॉइल आतून लालभडक होते, बाहेर पाणी कोमट राहतं. शेवटी कॉइल फुटते. थर्मोस्टॅटची काडी ज्या नळीत असते तिच्यावरही खार बसतो, मग पाणी तापल्याची खबर त्याला उशिरा लागते किंवा कॉइलच्या धगीनं वेळेआधीच लागते. मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट गेला, पण तो नुसता आंधळा झालेला असतो.

उपाय: वर्षातून एकदा, फार जड पाणी असेल तर सहा महिन्यांनी, टाकी रिकामी करून कॉइल काढायची. लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून त्यात कॉइल काही तास बुडवून ठेवा, खार मऊ होऊन सुटतो. कोयत्यानं किंवा पान्यानं ठोकून काढू नका, नळीला चीर पडते. संडास धुवायचं ॲसिड टाकीत ओतायचं तर अजिबात नाही, ते टाकी खातं. कॉइलसोबत मॅग्नेशियमची कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते. ती संपली असेल तर नवी बसवा आणि रबरी वायसरही नवा टाका. जमलं तर गिझरला पावसाचं साठवलेलं किंवा विहिरीचं हलकं पाणी जोडा.

बसवून झाल्यावर गरम नळातून सलग पाणी येईपर्यंत टाकी भरू द्या, मगच वीज लावा. कोरडी कॉइल मिनिटभरात जळू शकते.

‘डायरेक्ट’ करून देतो म्हणाला तर नको म्हणा

थर्मोस्टॅट काढून वायर सरळ जोडणं म्हणजे राखणदाराला घालवून देणं. मग गिझर बंद करायचं काम फक्त आपल्या आठवणीवर राहतं. धार काढायच्या गडबडीत, पाहुणे आल्यावर, वीज गेली आणि रात्री दोनला आली तर? पाणी उकळतं, वाफ धरते. त्यात सेफ्टी व्हॉल्व्ह खारानं गच्च झालेला असेल तर टाकी फुटू शकते. आणि फुटली नाही तरी नळातून येणारं उकळतं पाणी अंगावर पडलं तर काय होईल? ६० अंशाचं पाणीही काही सेकंदांत कातडी भाजतं, ७० अंशाला एक सेकंद पुरतो. गोठ्यात धुणं बहुतेक घरात बायका आणि पोरंच करतात, हेही लक्षात घ्या.

थर्मोस्टॅट काही शे रुपयांत मिळतो. दोन दिवस सुटा भाग मिळत नसेल तर चुलीवर पाणी तापवून थर्मामीटरनं मोजा आणि वापरा. पण डायरेक्ट नको.

नवा घेताना जुना सोबत न्या. काडीची लांबी तीच हवी, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत (२ किलोवॅटला १६ अँपिअरचा घ्या), अंशाची मर्यादा बघा आणि आयएसआय खूण बघा. कट-आऊट सोबत असलेलाच घ्या. बिल मागा.

गायीलाही शॉक लागतो, फक्त ती बोलत नाही

गाय ओल्या जागेत चार पायांवर उभी असते. माणसाला जाणवणार नाही एवढी वीज तिला जाणवते. गिझरची कॉइल फुटली आणि अर्थिंग खराब असेल तर पाईप, गव्हाण, पाण्याची टाकी सगळ्यात थोडी वीज उतरते. गाय मशीन लावताना लाथा मारते, पाणी प्यायला जाऊन तोंड मागं घेते, पान्हा चोरते. आपण म्हणतो गाय बिथरली. अशा वेळी डॉक्टरसोबत वायरमनलाही बोलवा.

गोठ्याच्या लाईनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा. दाबल्यावर पडला पाहिजे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडू देऊ नका, अधूनमधून पाणी घाला. अर्थिंगची वायर गिझरला खरंच जोडलेली आहे का, की प्लगमध्ये नुसतीच लटकते, हेही एकदा उघडून बघून घ्या.

गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा

• आठवड्यातून एकदा: गरम पाण्याचा अंश मोजा, तारीख घालून लिहा. धुण्याच्या शेवटी बाहेर पडणाऱ्या पाण्याचाही मोजा.
• महिन्यातून एकदा: आरसीसीबीचं बटण दाबा, प्लग-सॉकेट गरम होतंय का बघा. सेफ्टी व्हॉल्व्हला दांडी असेल तर पाणी गार असताना उचलून पाणी सुटतंय का बघा.
• वर्षातून एकदा: कॉइल काढून खार साफ, मॅग्नेशियमची कांडी तपासणी, टर्मिनलचे स्क्रू घट्ट.
• पाणी तापलं नाही तर क्रम असा: थर्मामीटर, व्होल्टेज, कट-आऊट, थर्मोस्टॅट, कॉइल. शेवटी खिसा.

लिहिलेल्या अंशांचा कागद कामाचा असतो. मागच्या महिन्यात ७२ होते, आता ६१ झालेत, हे दिसलं की दूध परत येण्याआधीच आपल्याला कळतं. मिस्त्री आला की त्याच्यापुढं तो कागद ठेवा आणि विचारा, ‘भाऊ, गिझर चालू असताना व्होल्टेज किती आहे ते आधी सांगा.’ तिथूनच दुरुस्ती योग्य रस्त्याला लागते.